वाचक, सभासद आणि मतदार

आमच्या वाचनालयात पाच प्रकारचे सभासद आहेत आणि त्यांतला जो प्रकार सगळ्यात जास्त पुस्तकं नेतो त्यालाच मत नव्हतं. आश्रयदाते, हितचिंतक, आजीव, सर्वसाधारण आणि वाचक अशी ती उतरंड. पहिल्या चौघांना मत, पाचव्याला फक्त अनामत. महिन्याची वर्गणी भरायची, एक पुस्तक आणि एक मासिक न्यायचं, उशीर झाला तर दंड द्यायचा, आणि वार्षिक सभेच्या दिवशी 'आज देवघेव बंद' ही पाटी वाचून घरी परतायचं.

मी कित्येक वर्षं या पाचव्या प्रकारात होते आणि त्याचं मला काही वाटतही नव्हतं. वाटायला लागलं ते पुरानंतर. गाव कृष्णाकाठचं. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी वाचनालयाच्या तळमजल्यात शिरलं आणि बालविभाग अख्खा गेला. पाणी ओसरल्यावर चिखल काढायला, पानं सुटी करून दोरीवर वाळत घालायला जे आले ते बहुतेक वाचक होते. पुढे कार्यकारिणीने ठरवलं की बालविभाग वरच्या मजल्यावर एका खोलीत न्यायचा आणि तळमजल्याचे गाळे काढून भाड्याने द्यायचे. रस्त्यालगतची जागा, भाडं चांगलं येणार, अनुदान वेळेवर येत नाही, नोकरांचे पगार थकतात. कारणं खोटी नव्हती. पण लहान मुलं आणि आजी-आजोबा तो जिना रोज कसा चढणार, हे कुणी विचारलं नव्हतं. आम्ही काही जणांनी सह्यांचं निवेदन दिलं. कार्यवाहांनी चहा पाजला, निवेदन दोनदा वाचलं आणि म्हणाले, "ताई, तुमचं म्हणणं रास्त आहे. पण हा विषय सर्वसाधारण सभेचा, आणि तुम्ही सभेच्या सभासद नाही."

म्हणून मी संस्थेची घटना, म्हणजे नियमावली, मागितली. कपाटातून एक टंकलिखित प्रत निघाली, कडा पिवळ्या, मधल्या दोन पानांना टाचणीचा गंज. आमच्यासारख्या बहुतेक जुन्या वाचनालयांचं कागदोपत्री असंच असतं: संस्था म्हणून नोंदणी 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली, आणि सार्वजनिक न्यास म्हणून दुसरी नोंदणी 1950 च्या विश्वस्त कायद्याखाली. शिवाय 1967 च्या ग्रंथालय कायद्याप्रमाणे शासनाची मान्यता आणि अ, ब, क, ड यांपैकी एक वर्ग. कोणाला सभासद करायचं आणि कोणाला मत द्यायचं, हे मात्र थकबाकीची एक अट सोडली तर यांतला कुठलाच कायदा सांगत बसत नाही. ते संस्थेची घटना ठरवते. आमच्या घटनेत आश्रयदात्यांना कार्यकारिणीत दोन जागा राखीव होत्या आणि त्या त्यांनी आपसातच निवडायच्या. आजीव सभासदांना सात, सर्वसाधारणांना दोन. हितचिंतकांना मत होतं पण उभं राहता येत नव्हतं. का, ते कुणालाच सांगता येईना. वाचकांचा उल्लेख एका ओळीत होता: 'वाचकांस संस्थेच्या कारभारात भाग घेण्याचा अधिकार राहणार नाही.'

मग रस्ता एकच होता, सर्वसाधारण सभासद व्हायचं. अर्जावर एक सूचक, एक अनुमोदक, दोघेही मताधिकार असलेले. वर्षाची वर्गणी एकरकमी. अर्ज कार्यकारिणीच्या बैठकीत मंजूर व्हायला हवा. सूचक मिळायला वेळ लागला नाही, मंजुरी मिळायला लागला. बैठकीच्या विषयपत्रिकेवर 'नवीन सभासदांचे अर्ज' हा विषय असायचा आणि प्रत्येक वेळी 'पुढील बैठकीत' जायचा. मला आधी हा माझ्यावरचा राग वाटला. ग्रंथपालबाईंनी खरं कारण सांगितलं. एका जुन्या निवडणुकीआधी एका पुढाऱ्याने अर्जांचा गठ्ठा आणून टाकला होता, सगळ्यांची वर्गणी एकाच धनादेशाने, निम्म्या अर्जांवर अक्षरही एकच. तेव्हापासून निवडणूक जवळ आली की नवा अर्ज म्हणजे नवी टोळी, असं समीकरण झालेलं. गठ्ठा सभासदांची ही भीती अस्थानी नाही, गावोगावच्या संस्था अशाच गेल्या आहेत. पण तिचा उपयोग दार लावून घ्यायलाही होतो, आणि आतल्यांना तो सोयीचा असतो. शेवटी निवडणूक पार पडली आणि पुढच्याच बैठकीत माझा अर्ज बिनबोभाट मंजूर झाला.

पहिली वार्षिक सभा पाहिली ती अशी. वेळ संध्याकाळी पाचची. गणसंख्येला लागतात त्याच्या निम्मीही माणसं नव्हती. अध्यक्षांनी घड्याळ पाहून 'गणपूर्तीअभावी सभा तहकूब' असं जाहीर केलं आणि सगळे निवांत चहाला उठले. अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी तीच सभा पुन्हा सुरू, आता गणसंख्येची अट नाही. सूचनापत्रातच तसं छापलेलं असतं, त्यामुळे यात बेकायदा काही नाही. नेहमीचे लोक तर साडेपाचलाच येतात. नवखा मात्र पाचला येऊन रिकाम्या खुर्च्या बघतो. त्याच सभेत एका निवृत्त मुख्याध्यापकांनी घटनादुरुस्ती समितीचा ठराव मांडला. तो मंजूर झाला तो बहुधा उशीर झाल्यामुळे. समितीत एक महिला हवी, म्हणून माझं नाव गेलं.

समितीचं पहिलं काम घटना नव्हतं, रजिस्टर होतं. मतदार कोण हेच माहीत नसेल तर दुरुस्तीला मत देणार कोण? सभासद नोंदवहीचे तीन खंड, त्यांतला मधला पुरात भिजलेला. पानं एकमेकांना चिकटून पापडासारखी झाली होती. जुन्या पत्र्याच्या पट्टीने ती सोडवताना शाईचा ठसा समोरच्या पानावर उलटा उमटलेला दिसायचा, आणि काही नावं आम्ही आरशात धरून वाचली. 'आजीव, रु. 101 रोख' अशी नोंद, पुढे पावती क्रमांक, घराचा पत्ता म्हणून नुसतं 'मारुती मंदिरामागे'. क्वचित नावाआधी तांबड्या शाईत 'कै.' लिहिलेलं. बहुतेक ठिकाणी तेही नाही. माणूस जाऊन वीस वर्षं झालेली आणि मतदारयादीत तो अजून ठणठणीत.

आम्ही पोस्टाने पत्रं धाडली. परत आलेल्या पाकिटांवर पोस्टमनचे शेरे, 'पत्ता सोडून गेले', 'मयत', एकावर 'घर पडले'. एकच बाई माहेरच्या आणि सासरच्या नावाने दोनदा आजीव सभासद निघाली. दोन्ही वेळा पैसे खरोखर भरलेले, पण मत एकच, हे तिला पटवायला लागलं. आश्रयदात्यांत दोन संस्था होत्या, एक शाळा आणि एक खरेदी-विक्री संघ. त्यांचं मत कोण टाकणार? संस्थेने ठराव करून प्रतिनिधी कळवायचा, असं आम्ही नवं कलम घातलं. त्याआधी जो शिपाई सूचनापत्र स्वीकारायचा त्यानेच एकदा येऊन मत दिलं होतं म्हणे.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते वारसांनी. पत्र मिळाल्यावर मुलं-नातवंडं यायची. वडिलांचं आजीव सभासदत्व माझ्या नावावर करा. ही अपेक्षा कुठून येते ते मला माहीत होतं. आमच्याच घरी सासरे गेल्यावर हाउसिंग सोसायटीने नामनिर्देशनावरून सासूबाईंना तात्पुरतं सभासद करून घेतलं होतं. सहकार कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने गृहनिर्माण संस्थांसाठी ही 'तात्पुरता सभासद' अशी वेगळी सोय झाली, आणि वारस ठरेपर्यंत त्याला मतही देता येतं. पण तिथे भागपत्र, म्हणजे शेअर सर्टिफिकेट, असतं, सदनिका असते, त्या हक्काला वारस लागतो. वाचनालयात सभासदाच्या मालकीचं काही नसतं. सभासद गेला की सभासदत्व गेलं. आपल्या बापाचे 101 रुपये बुडाले असा चेहरा करून लोक जायचे. एका गृहस्थांनी मात्र तिथल्या तिथे नव्याने आजीव वर्गणी भरली आणि म्हणाले, "दादांचा नंबरच द्या." तेवढं आम्ही केलं.

आता त्या 101 रुपयांचं गणित बघा. पन्नास वर्षांपूर्वी ज्याने ते भरले त्याला जन्मभर मत. तो पुण्याला जाऊन राहिला, एकही पुस्तक नेलं नाही, तरी मत. सर्वसाधारण सभासद मात्र वर्षानुवर्षं वर्गणी भरतो, सगळी बेरीज केली तर कितीतरी पट, आणि एकदा चुकला की मत गेलं. कारण 1860 च्या कायद्याचं पंधरावं कलम स्पष्ट आहे: ज्याची वर्गणी त्या वेळी तीन महिन्यांहून जास्त थकलेली आहे त्याला मत नाही, आणि त्याची सभासद म्हणून गणतीही नाही. आजीव सभासदाचं थकणार काय? त्याने सगळं आधीच भरलेलं. कायद्याच्या या कलमाचा चटका फक्त गरीब प्रकाराला बसतो.

समितीत खरी खडाजंगी झाली ती वाचकांना मत द्यावं का यावर. आमचा तालुका साखर कारखान्याचा, त्यामुळे सभासदत्वाचे प्रकार लोकांना पाठ. उत्पादक सभासद, बिगर उत्पादक सभासद, पतसंस्थेत कर्जापुरता करून घेतलेला नाममात्र सभासद, ज्याला मत नसतं. कारखान्यात आयुष्य गेलेले एक अण्णा म्हणाले, आपणही 'क्रियाशील' सभासद करा. देशाच्या राज्यघटनेच्या 97 व्या दुरुस्तीनंतर 2013 साली सहकार कायद्यात ती भानगड आली होती: पाच वर्षांत निदान एका सर्वसाधारण सभेला हजेरी आणि संस्थेच्या सेवांचा किमान वापर, नाहीतर मत नाही. पुढे त्यात बरेच फेरबदल झाले, 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती घटनादुरुस्तीच राज्यांतल्या सहकारी संस्थांपुरती रद्द केली, तरी शब्द लोकांच्या तोंडी राहिला. समितीतले वकीलकाका मान हलवत म्हणाले, आपण सहकारी संस्था नाही, पण घटनेत घालायला कायद्याची आडकाठी नाही. अडचण वेगळी आहे. पुण्या-मुंबईच्या आजीव सभासदांचं मत काढायचं तर दुरुस्तीला मत देणारेही तेच. फांदीवर बसलेल्याला फांदी तोडायला सांगता.

कोषाध्यक्षांचा विरोध सरळ होता. महिन्याला चहा-भज्यांइतके पैसे भरणारा उद्या गाळ्यांच्या भाड्यावर मत देणार? निदान ते खरं बोलले. बाकीचे 'वाचनसंस्कृती', 'संस्थेची परंपरा' वगैरे फिरवून बोलत होते, पण मनात सगळ्यांच्या रस्त्यालगतची जागाच होती. पुस्तकांसाठी कुणी गठ्ठ्याने सभासद करत नाही. क्रिकेटवेड्या एका सदस्याने मध्येच लोढा समिती काढली, क्रिकेट मंडळाच्या सुधारणांसाठी सर्वोच्च न्यायालयाने नेमलेली. 'एक राज्य एक मत' लावल्यावर महाराष्ट्रातल्या मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ या तीन संघटनांचं एकच मत होणार होतं, ते 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा तिघांना वेगवेगळं दिलं. जुन्या हक्कदाराचं मत काढता येत नाही, हे त्यांना सांगायचं होतं. वेळ बराच गेला, पण मुद्दा चुकीचा नव्हता.

शेवटी निघाली ती तडजोड. सलग दोन वर्षं वर्गणी न थकवलेल्या वाचकाने वर्षाची वर्गणी एकदम भरली तर त्याला सूचक-अनुमोदकाशिवाय आणि कार्यकारिणीच्या मर्जीशिवाय सर्वसाधारण सभासद करायचं. आश्रयदात्यांची राखीव जागा एक, सर्वसाधारणांच्या तीन. निवडणुकीआधीच्या सहा महिन्यांत झालेला सभासद त्या निवडणुकीत मतदार नाही, म्हणजे गठ्ठ्याचं भय संपलं. हितचिंतक हा प्रकार नव्याने घ्यायचा बंद. आणि ग्रंथनिवड समितीत एक जागा वाचकांची, ती वाचकांनीच निवडायची. ही शेवटची गोष्ट कुणाला महत्त्वाची वाटली नाही, म्हणून विनाचर्चा गेली. मला आश्रयदात्यांची राखीव जागा पूर्ण रद्द झालेली हवी होती. पैसे जास्त दिले म्हणून भिंतीवर फोटो लावा, हवं तर कपाटावर नाव घाला, पण मताचं वजन वाढवू नका, असं माझं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे. ते अल्पमतात गेलं.

विशेष सभेला सूचनापत्र घटनेप्रमाणे आधी पाठवलं, सोबत जुनं कलम आणि नवं कलम समोरासमोर छापलेलं. हा तक्ता मी केला होता आणि त्याचा मला अभिमान आहे, कारण त्यामुळे 'आम्हाला नीट वाचायला मिळालं नाही' हे कुणाला म्हणता आलं नाही. या वेळी गणसंख्या पहिल्याच फेरीत भरली. घटनेत लिहिलं होतं, दुरुस्तीला 'उपस्थित सभासदांच्या दोन तृतीयांश' बहुमत हवं. हजेरीवहीत सह्या 84. हात वर झाले, बाजूने 53, विरोधात 14. टाळ्या वाजणार तोच मागून एक आजोबा उठले. 84 चे दोन तृतीयांश 56 होतात, ठराव पडला.

आजोबांचं गणित अचूक होतं. फक्त सही करून, अल्पोपहार घेऊन बरेच जण निघून गेले होते. वहीत ते उपस्थित, खुर्चीत नाहीत. शिवाय काही जण बसून होते पण हात कुठेच वर केला नव्हता. 'मत देणाऱ्यांच्या' दोन तृतीयांश असं घटनेत असतं तर गप्प बसणारा हिशोबातच येत नाही. 'उपस्थितांच्या' म्हटल्यावर गप्प बसणारा विरोधातच जमा होतो. इतकी वर्षं हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण आधीच्या सगळ्या दुरुस्त्या एकमताने झालेल्या. वकीलकाकांनी अध्यक्षांच्या कानात काहीतरी सांगितलं. अध्यक्षांनी दार लावायला सांगितलं, मतदानाच्या क्षणी सभागृहात असलेली डोकी मोजली, ती 71 भरली, आणि मतदान पुन्हा घेतलं. पुन्हा 53. लागत होती 48. दोन्ही मोजण्या, दार कधी लावलं ती वेळ आणि आजोबांची लेखी हरकत, सगळं इतिवृत्तात शब्दशः घेतलं. हरकत नोंदवून घ्यायला काही जण नाखूश होते. वकीलकाका ओरडलेच, "घ्या! ती दडवली तरच आपण फसू."

त्यांचं खरं ठरलं. कागद धर्मादाय कार्यालयात गेले, न्यासांबरोबर संस्था नोंदणीचं कामही तिथेच चालतं. सूचनापत्र, पोस्टाच्या पावत्या, हजेरी, इतिवृत्ताची खरी प्रत, दुरुस्त नियमावली. आजोबांनी तिथेही हरकत घेतली. इतिवृत्तात सगळंच असल्यामुळे त्यांना नवीन काही दाखवता आलं नाही, आणि दुरुस्ती नोंद झाली. तारखा पडल्या, पण त्यात सांगण्यासारखं काही नाही. फक्त ज्यांना हे करायचं असेल त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगते: पुढे नवी कार्यकारिणी निवडून आली की त्या बदलाचा अर्ज, ज्याला सगळे चेंज रिपोर्टच म्हणतात, विश्वस्त कायद्याच्या 22 व्या कलमाखाली 90 दिवसांत द्यावा लागतो. तो मंजूर होईपर्यंत परिशिष्टावर, म्हणजे न्यासाच्या सरकारी नोंदीवर, जुनीच नावं असतात, आणि बँक तेच परिशिष्ट मागते. आमच्याकडे निवडून आलेले नवे कोषाध्यक्ष बरेच दिवस जुन्या कोषाध्यक्षांच्या घरी धनादेशावर सह्या घ्यायला जात होते. दोघांची बोलाचाली निवडणुकीपासून बंद होती. सही मात्र व्हायची.

आता वाचकांनी रांग लावून सर्वसाधारण सभासद व्हायला हवं होतं. तसं झालं नाही. देवघेवीच्या टेबलावर अर्जांचा गठ्ठा ठेवला, मी स्वतः संध्याकाळी बसून लोकांना समजावलं. फारच थोड्यांनी भरले. बाकीचे म्हणायचे, ताई, मत घेऊन काय करू, दिवाळी अंक यंदा तरी दिवाळीत द्या. गाळ्यांचा ठरावही त्यानंतरच्या सभेत थोड्या फरकाने मंजूरच झाला. तळमजल्यावरची एक खोली तेवढी मुलांसाठी राखून ठेवायची, ही दुरुस्ती आम्ही त्याला जोडू शकलो.

ग्रंथनिवड समितीच्या वाचक जागेसाठी मात्र चार जण उभे राहिले. चिठ्ठ्या टाकून मतदान झालं, आणि त्या दिवशी देवघेव बंद ठेवायची नाही असं ग्रंथपालबाईंनीच ठरवलं होतं, त्यामुळे पुस्तक बदलायला आलेला प्रत्येक जण मत टाकून गेला. निवडून आली ती कॉलेजात शिकणारी मुलगी. पहिल्या बैठकीला ती गेल्या वर्षाच्या खरेदीची बिलं मागून घेऊन बसली आणि एकाच प्रकाशकाची इतकी पुस्तकं कशी, असं तिने विचारलं. कोषाध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. मी विषयपत्रिका वाचत होते.